मुंबई सोडून जाणारे प्लेअर, वानखेडेवरचं बू आणि आपण फॅन लोक

मैदानवाला
मुंबई सोडून गेलेल्या पृथ्वी शॉने २०२५ च्या रणजीत महाराष्ट्राकडून चंदीगडविरुद्ध २२२ ठोकले त्या दिवशी आमच्या रविवारच्या टेनिस बॉल ग्रुपवर (सगळे चाळिशी उलटलेले, विषय दोनच, कंबरदुखीचं मलम आणि क्रिकेट) एकाने टाकलं, 'मुंबईत असताना कुठे होते हे रन्स, गद्दार साला'. त्यावर पटापट अंगठे. मला ते काही पटेना, पण व्हॉट्सॅपवर भांडणं म्हणजे उद्या चहाला कोणी बोलवणार नाही, म्हणून इथे लिहितो. इथे निदान लोक पूर्ण वाचून मग भांडतात.

आधीच सांगून टाकतो, मी कट्टर मुंबई. फेब्रुवारीत नागपूरला रणजी सेमीफायनलला विदर्भाने ८० रन्सनी हरवलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तरीपण हा गद्दार शब्द मला खटकतो आणि का खटकतो ते जरा लांबण लावून लिहितो.

यशस्वी जयस्वालचं प्रकरण आठवा. एप्रिलमध्ये त्याने एमसीएला (मुंबई क्रिकेट असोसिएशन) ईमेल टाकला की मला गोव्याकडून खेळायचंय, एनओसी (ना हरकत पत्र) द्या. दिली. पेपरात त्याचं म्हणणं आलं की गोव्याने लीडरशिपची संधी देऊ केलीय, मुंबईने मला घडवलं ते मी विसरणार नाही वगैरे. मग मे महिन्यात दुसरा ईमेल, की एनओसी मागे घ्यायचीय, फॅमिली गोव्याला हलवायचा विचार तूर्तास बारगळलाय. एमसीएने तेही मान्य केलं. मधल्या काळात सोशल मीडियावर त्याचं जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही, आई-बापापर्यंत गेले होते लोक. आणि आता जयपूरला राजस्थानने सहाशेच्या वर धावा लावल्यावर दुसऱ्या डावात १५६ मारून मॅच वाचवणारा कोण, तर हाच. आता त्याच लोकांच्या स्टेटसला 'आपला यशू'. कमाल आहे.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. १ एप्रिल २०२४, वानखेडे, मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान, मी होतो तिथे. माझ्या पुढच्या रांगेत एक बाप, बाजूच्या खुर्चीवर उभी असलेली त्याची सात-आठ वर्षांची पोरगी, दोघांच्या पाठीवर रोहितचं नाव. टॉसला हार्दिकचं नाव पुकारलं आणि बापाने तोंडाशी दोन्ही हात धरून बू सुरू केलं. पोरीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मागे आमच्याकडे बघितलं, सगळेच करतायत म्हटल्यावर हातातला पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला आणि ती पण बू. संजय मांजरेकर माईकवरून पब्लिकला नीट वागा म्हणून सांगतोय तर त्यालाच उलट जास्त आवाज. बरं हार्दिकने केलं काय होतं? गुजरातवरून परत मुंबईला आला. रोहितला काढून कॅप्टन याला करायचं हे ठरवलं मालकांनी, पैसे मोजले मालकांनी, आणि शिव्या खाल्ल्या खेळाडूने, कारण मालक टॉसला येत नाही ना. पुढे २९ जूनला बार्बाडोसला टी-२० वर्ल्ड कप फायनलच्या शेवटच्या ओव्हरला १६ वाचवायचे होते, बॉल याच्याच हातात होता. ४ जुलैला मरीन ड्राईव्हवरून वर्ल्ड कपची बस आली आणि त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक'. तीन महिन्यांत माणूस तोच, स्टेडियम तेच.

आता मूळ मुद्दा. आपण म्हणतो ना, पूर्वीचे खेळाडू बघा, आयुष्यभर मुंबई मुंबई केली. केली, खरं आहे. पण ते मुंबईत राहिले कशावर याचा विचार कोणी करत नाही. टाइम्स शील्ड आठवते का, ऑफिसच्या टीम्सची? निर्लॉन, टाटा, एसीसी, मफतलाल, स्टेट बँक. गावसकर स्वतः निर्लॉनमध्ये. वीस-बावीस वर्षांच्या पोराला चांगली बॅटिंग येते म्हणून नोकरी लागायची, मस्टरवर सही केली की दुपारी नेट्सला मोकळा, सीझन संपला की टेबलावर, आणि क्रिकेट संपल्यावर पण ते टेबल तिथेच असायचं. पीएफ, होम लोन, प्रमोशन. अशा पोराने आसामला जायचं कशाला? मी असं म्हणत नाही की त्यांना मुंबईच्या टोपीचं प्रेम नव्हतं. होतं, भरपूर होतं. पण त्या प्रेमाच्या पाठीशी दर महिन्याच्या सात तारखेला पगार पण होता.

पद्माकर शिवलकरांचं नाव तर हमखास येतं अशा वेळी. ५८९ फर्स्ट क्लास विकेट, १९७२-७३ च्या फायनलला चेपॉकवर तामिळनाडूच्या १६ रन्समध्ये ८ विकेट आणि दुसऱ्या डावात १८ मध्ये ५, आणि तरी एकही टेस्ट नाही. गेले २०२५ च्या मार्चमध्ये. लोक म्हणतात बघा, तरी मुंबई सोडली नाही. अहो पण सोडून करणार काय होते? त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी होता, तसाच डावखुरा स्पिनर, इंडियाच्या टीममध्ये पक्का, आणि बेदी काय राज्य बदलल्याने हलणार होता का.

आता ती ऑफिसची सिस्टीम जवळपास गेली. आज पोरगं ज्या पैशावर जगतं तो पैसा म्हणजे मॅच फी. बोर्डाचा (बीसीसीआय) रेट असा, की ४० च्या वर मॅच झालेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० वाल्याला ५०, नवीन असला तर ४०, आणि नुसता बेंचवर बसला तर त्याच्या निम्मे. आकडा ऐकायला छान वाटतो. पण लीगच्या सात मॅच, चार-चार दिवस, म्हणजे नवीन पोराचे झाले सगळे मिळून अकरा लाख वीस हजार, ते पण सगळ्या मॅच अकरात खेळला तर. आयपीएल नसेल तर वर्षाची कमाई हीच, आणि गुडघा गेला तर तीही नाही. आणि मुंबईत अकरात यायला बाहेर रांग केवढी. मग दुसऱ्या राज्याने सांगितलं की ये, ओपनिंग तुझी, तर पोराने काय करावं? सांगा तुम्हीच.

जयस्वालचं तसं नाही हे मला माहितीये. त्याला राजस्थान रॉयल्सने १८ कोटीला रिटेन केलाय, त्याला मॅच फीची काय पडलीय. त्याचा निर्णय मलाही नीट कळला नाही. पण न कळणं वेगळं आणि गद्दार म्हणणं वेगळं.

बोला आता.

पॉपकॉर्न_पाटील
खुर्ची पकडली आहे. दादरकर काका कुठे आहेत?

खडूस_दादरकर
आलो. आणि पूर्ण वाचून आलो.

मैदानवाला, तू लिहितोस छान पण प्रत्येक गोष्टीचा हिशेब पगाराशी नेऊन घातलास की सगळंच स्वस्त होतं बघ. मी स्वतः टाइम्स शील्ड खेळलोय (डी डिव्हिजन, हसू नका), नोकरी होती म्हणून खेळत होतो हे खरं, पण पावसाळ्यात कांगा लीगला चिखलात, गुडघ्याएवढ्या गवतात, एक बॉल कानाजवळून तर दुसरा घोट्याजवळून, असल्या विकेटवर उभं राहायला कोणती कंपनी पैसे देत होती? ती टोपी, तिच्यावरचा सिंह, त्याच्यासाठी चाललेलं असायचं सगळं. पन्नास-साठ पोरांतल्या एखाद्याला मिळायची.

जयस्वालचं तर मला जास्तच लागलं. भदोहीहून आलेलं पोरगं, आझाद मैदानावर माळ्यांबरोबर तंबूत राहिलं, पाणीपुरी विकली, याच मैदानात त्याला कोच भेटला, १७ व्या वर्षी विजय हजारे ट्रॉफीला झारखंडविरुद्ध २०३ मारले ते मुंबईच्या टोपीत. मुंबईने त्याला कधी बाहेर बसवलं? नाही. मग जायचं कारण? कॅप्टनसी? बाबा तू आधी इंडियाकडून खेळतोयस, वर्षाला दोन-तीन रणजी मॅच खेळणार, त्यात कॅप्टनसी घेऊन काय लोणचं घालणार आहेस?

अमोल मुझुमदार बघा. रणजी डेब्यूला २६०. शाळेत असताना तेंडुलकर-कांबळीच्या ६६४ च्या पार्टनरशिपला पॅड बांधून बसून राहिला तो हाच. ११ हजारांच्या वर फर्स्ट क्लास रन्स, इंडियाची कॅप नाही, आणि तोंडातून वाकडा शब्द नाही. २०२५ ला डीवाय पाटीलला इंडियाच्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला तेव्हा कोच म्हणून कसा कोपऱ्यात उभा होता. याला म्हणतात मुंबईकर.

संत्रानगरी
काका, मुझुमदार २००९ मध्ये आसामले गेला होता ना. मग आंध्रले.

खडूस_दादरकर
गेला. पण कधी गेला? २००६-०७ ला मुंबईला रणजी जिंकून देऊन, पुढे इथे जागा उरली नाही तेव्हा गेला. घराने दार लावून घेतल्यावर बाहेर पडणं आणि भरल्या ताटावरून उठणं यात फरक आहे की नाही? पृथ्वी शॉबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याला २०२४ मध्ये टीममधून काढलं, आयपीएलच्या ऑक्शनला कोणी घेतला नाही, त्याने जाऊन दुसरीकडे नव्याने सुरुवात केली, मी तर म्हणतो शाब्बास. गद्दार म्हणणारे तुझ्या ग्रुपवरचे असतील, मी म्हटलेलं नाही.

मैदानवाला
काका हा फरक मला मान्य आहे पण यात एक गोची आहे. दार लावायचं की नाही हे ठरवणार कोण, तर असोसिएशन. म्हणजे त्यांनी नको म्हणेपर्यंत खेळाडूने वाट बघायची, आणि त्यांनी नको म्हटल्यावर वय झालेलं असतं ३४, मग आसाम नाहीतर आंध्र. चांगल्या वयात, चांगल्या फॉर्मात स्वतःहून निघायची मुभा फक्त आपल्यालाच, नोकरी बदलताना. आपण पंचवीस टक्के हाईक मिळाली की आधीच्या मॅनेजरला केक कापायला लावून निघतो.

मांडवीकाठचा
अरे तुम्ही मुंबईवाले आपसांत काय ते ठरवा पण आम्हांला कोणी विचारणार की नाही? सगळा धागा वाचला, गोवा म्हणजे जणू रिकामी खोली, ज्याला मुंबईत कंटाळा आला त्याने येऊन राहावं.

मी पर्वरीला राहतो, ग्राउंड घरापासून चालत. डिसेंबर २०२२ ला अर्जुन तेंडुलकरने (सचिनचा पोरगा, मुंबईहून आमच्याकडे आलेला) राजस्थानविरुद्ध डेब्यूला १२० मारले तेव्हा टीव्हीवाले, रिपोर्टर, सगळा देश पर्वरीत. बापाने पण रणजी डेब्यूला शतक मारलेलं, त्यामुळे तीच हेडलाईन सगळीकडे. दुसऱ्या बाजूने आमचा सुयश प्रभुदेसाई दोनशेच्या वर गेला, त्याचा फोटो आत कुठेतरी. अर्जुनबद्दल राग नाही हां, पोरगा मेहनती आहे, २०२४ ला अरुणाचलला ८४ मध्ये काढलं त्यात त्याचे २५ रन्समध्ये ५ विकेट होते. पण त्याच मॅचला स्नेहल कवठणकर ३१४ नाबाद आणि कश्यप बाकले ३०० नाबाद, ६०६ ची पार्टनरशिप, रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, टीमचा स्कोअर २ बाद ७२७. समोर अरुणाचल होतं, प्लेट ग्रुप (रणजीचा खालचा गट) होता, सगळं कबूल. तरी ६०६ म्हणजे ६०६. मुंबईतल्या किती जणांना ही दोन नावं माहीत आहेत? प्रामाणिकपणे सांगा, गूगल न करता.

प्लेट जिंकून आम्ही एलिटमध्ये (वरच्या गटात) आलो आणि लगेच एप्रिलमध्ये बातमी, जयस्वाल येतोय, कॅप्टन होणार. माझ्या शेजारचा पोरगा, अंडर-२३ खेळतो, ओपनर. तो दुपारी गेटपाशी मोबाईल घेऊन उभा होता, मला म्हणाला अंकल, आता माझी जागा गेली. मी म्हटलं अरे तो इंडियाचा ओपनर, वर्षाला दोन मॅच खेळेल, बाकीच्या तुझ्याच. तर म्हणतो, नाही, तो नसेल तेव्हा दुसरा कोण तरी बाहेरचा येणार. मे महिन्यात जयस्वाल यायचा रद्द झाला तेव्हा मुंबईत तुम्ही फटाके लावले असतील, पर्वरीत निदान एका घरात पण लावले असणार.

आणि उलट पण बघा ना. दिलीप सरदेसाई मडगावचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, क्रिकेट खेळायला मुंबईलाच जावं लागायचं, गेले, आणि १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ रन्स केले ते मुंबईचा खेळाडू म्हणून. आम्ही अजून त्यांना आमचेच म्हणतो. आमच्यातल्या कोणी त्यांना मडगाव सोडलं म्हणून नावं ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

खडूस_दादरकर
सरदेसाईंचं बरोबर बोललात. आणि कवठणकर, बाकले मला माहिती होते, स्कोअरकार्ड वाचतो मी रोज.

संत्रानगरी
आता आमचं ऐका भाऊ. विदर्भात वसीम जाफर आला २०१५ मध्ये, तेव्हा इकडे पण लोक बोलून राहिले होते की म्हातारा माणूस, मुंबईनं टाकून दिलेला, आपल्या पोराची जागा खाते. पुढं काय झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. २०१७-१८, इंदूर, दिल्लीविरुद्ध फायनल. गुरबानीची हॅटट्रिक, वाडकरचं शतक, अन् शेवटी जिंकायले २९ पाहिजे तर जाफरनं एकाच ओव्हरमध्ये चार चौके हाणून विषय संपवून टाकला. विदर्भाची पहिली रणजी. अन् त्या सीझनले तो पैसे न घेता खेळला होता. पुढच्या वर्षी हजाराच्या वर रन्स, चाळीस वर्षांचा माणूस, परत रणजी. मुंबईकडून आठ रणजी अन् आमच्याकडून दोन. तो ड्रेसिंग रूममध्ये बसला की बाजूचा पोरगा सरळ बसायचा म्हणते, नुसत्या रन्सची गोष्ट नव्हती ती.

करुण नायरचं घ्या. टेस्टमध्ये ३०३ नाबाद मारलेला माणूस, कर्नाटकानं काढला, 'डिअर क्रिकेट, अजून एक संधी दे' असं ट्विट करून बसलेला. इकडे आला, २०२४-२५ च्या सीझनले ८६३ रन्स, केरळविरुद्धच्या फायनलमध्ये १३५, रणजी आमची, अन् तो परत इंडियाच्या टेस्ट टीममध्ये. मग २०२५ मध्ये गेला वापस कर्नाटकाले. मले कोणी विचारलं, राग नाही आला का? नाही आला बे. घर त्याचं बंगलोरले. त्याले रन्स पाहिजे होते, आमाले रणजी. दोघायचं भागलं.

उलट दुखलं ते घरचे गेले तेव्हा. गुरबानी, सिव्हिल इंजिनिअर, आमचा पोरगा, महाराष्ट्रात गेला. जितेश शर्मा अमरावतीचा, तो बडोद्याले. पण त्यायलेही गद्दार म्हणायची हिंमत नाही होत, कारण जितेश टीममध्ये असून बाहेर बसून राहायचा अन् कीपिंग वाडकर करायचा. वाडकर कॅप्टन. आता जितेशनं काय ड्रिंक्स घेऊन रिटायर व्हायचं?

पेठेतला_पोपट
हा धागा मुंबईकरांनी काढलाय हे पाहून गंमत वाटली. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून रणजी जिंकला, नंतर मुंबईने नेला, तिथेही जिंकला. तेव्हा निष्ठा हा विषय कोणाला सुचला नव्हता. मुंबईत येणारा तो गुणी आणि मुंबईतून जाणारा तो गद्दार, असा एकूण नियम दिसतो.

आणि 'पूर्वीचे लोक आपलं राज्य सोडत नव्हते' हे तर साफ चूक आहे. सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० ला पुण्यात महाराष्ट्राकडून ३१६ नाबाद, कोणाविरुद्ध, तर बडोद्याविरुद्ध. मग कुठे गेले? बडोद्याला! १९४६-४७ च्या फायनलला होळकरांविरुद्ध गुल महंमदबरोबर ५७७ ची भागीदारी, ती बडोद्याकडून. ज्यांची धुलाई केली त्यांच्याच घरी नोकरीला. संस्थानिक पैसे द्यायचे, हुद्दा द्यायचे, खेळाडू जायचे. इंदूरची होळकर टीम तर अर्धी बाहेरच्यांची, सी. के. नायडू स्वतः नागपूरचे. म्हणजे मैदानवाले, तुमचं ते ऑफिस प्रकरण मधल्या तीसेक वर्षांचंच आहे. त्याच्या आधी राजे होते आणि नंतर फ्रँचायझी आल्या.

भाऊसाहेब निंबाळकर राहिलेच. कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रेकला समोरच्या कॅप्टनने, राजकोटचे ठाकूरसाहेब, सांगून टाकलं की आम्ही पुढे खेळत नाही, आणि सामान बांधून निघाले. दोन-तीन ओव्हरचा प्रश्न होता हो. एवढं करून टेस्ट एकही नाही. आणि हा माणूस महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे असं सगळीकडून खेळला. कोल्हापुरात जाऊन कोणाला तरी म्हणून दाखवा की निंबाळकर निष्ठावान नव्हते. मला फोटो पाठवा नंतर.

(शॉबद्दल: २२२ चांगल्या, पण पुण्याच्या लोकांनी लगेच हार घालू नयेत. आमच्याकडून पहिल्याच रणजी मॅचला केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्यावर गेला होता. सीझन संपू द्या.)

पॉपकॉर्न_पाटील
पोपटराव, 'फोटो पाठवा नंतर' 😂

फ्रीमाँटकर
इकडे कॅलिफोर्नियात बसून वाचतोय, माझे दोन आणे. इथल्या एनबीएतला (बास्केटबॉल) केव्हिन ड्युरंट २०१६ मध्ये ओक्लाहोमा सोडून आमच्या वॉरियर्सला आला तेव्हा तिकडच्या लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या होत्या. बरं तो करार संपल्यावर गेला, कोणाचं देणं नव्हतं. आता २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकलं. पंचविशीतला पोरगा, आदल्या वर्षी टीमला फायनलला नेलेलं, आणि त्याला स्वतःला सौदा होईपर्यंत पत्ता नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा, लुकाचा भक्त, शाळेतून आला आणि बॅग न काढता दारातच उभा, म्हणे बाबा हे लीगल आहे का. म्हटलं हो, पूर्ण लीगल आहे. टीमने काढला की त्याला बिझनेस म्हणतात आणि प्लेअर निघाला की निष्ठा नाही म्हणतात. आपल्या आयपीएलमध्ये पण तेच. जडेजाने २०१० मध्ये स्वतःहून दुसऱ्या टीमशी बोलणी केली तर एक वर्षाची बंदी.

मैदानवाला
जडेजाचं बरं आठवलंत. ऑक्शनला हातोडा पडतो तेव्हा आपण घरी बसून टाळ्या वाजवतो, त्या पोराला कोणी विचारतं का तुला लखनौला जायचंय की नाही.

पोपटराव, झहीरचा टोला बसला. संस्थानिकांचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे, आश्रयदाता बदलला की खेळाडू हलतो. फक्त एक फरक सांगतो. हजारे बडोद्याला गेले तेव्हा पुण्यातल्या फॅनने चडफडून घरात बोलणं केलं असेल, फार तर कट्ट्यावर. आज जयस्वालच्या फोटोखाली तासाभरात हजारो लोक जाऊन घाण करून येतात आणि ते त्याला रात्री खोलीत बसून वाचता येतं. तेव्हा तेवीस वर्षांचा होता तो. निर्णय फिरवला त्यात याचा काही हात असेल का माहीत नाही, असेल तर मुंबईने त्याला जिंकून परत आणला असं मी तरी म्हणणार नाही.

खडूस_दादरकर
घाणेरडं लिहिणाऱ्यांशी माझा काही संबंध नाही, आमच्या वेळी वानखेडेवर पण हुर्यो व्हायची पण आईवरून नाही. बाकी माझं मत तेच. मला वाईट वाटायचा हक्क आहे की नाही? तुम्ही सगळे मिळून मला सांगताय की वाईट पण वाटून घेऊ नका, तो प्रोफेशनल आहे. मग मी स्कोअरकार्ड कशाला वाचू, शेअर बाजार वाचतो. आपला मुंबईचा बॅट्समन सिद्धेश लाड गोव्याला गेला तेव्हा वाईट वाटलं, परत आला तेव्हा बायकोला गोड करायला सांगितलं. मला एवढंच कळतं.

मांडवीकाठचा
दादरकर, तो लाड परत गेला तेव्हा आम्हांला वाईट वाटलं हां. चांगला पोरगा.

बदलापूरची_आत्या
मी इथे फक्त वाचत असते, क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझा भाचा सतरा वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. पहाटेच्या लोकलने किटबॅग घेऊन दादरला जातो, त्या बॅगेवरून डब्यात रोज शिव्या खातो. सिलेक्शन ट्रायलला मी एकदा बरोबर गेले होते. सकाळी साडेसहाला मैदानाच्या गेटपासून रस्त्यापर्यंत पांढऱ्या कपड्यातली मुलं, प्रत्येकाच्या छातीला पिनेने नंबर लावलेला. ह्याचा नंबर आला दुपारी, सहा बॉल टाकले, त्यातला एक हातातून सुटला फुलटॉस, टेबलामागचे सर म्हणाले नेक्स्ट. संपलं. परत बदलापूर. वाटेत तो काही बोलला नाही, डोंबिवली गेल्यावर म्हणाला आत्या चौथा बॉल चांगला वळला होता ना गं.

आता एका माणसाने माझ्या भावाला सांगितलंय की ईशान्येकडच्या एका राज्यात अंडर-१९ मध्ये घालतो, तिथे कॉम्पिटिशन कमी आहे, कागदपत्रांचं सगळं मी बघतो, खर्च एवढा एवढा. आकडा ऐकून माझी झोप उडाली. भाऊ सोसायटीचं कर्ज काढायला निघालाय. वहिनी म्हणते मुंबईकडून नाही खेळला तर काय क्रिकेटर नाही का होणार. तुम्हा लोकांना यातलं कळतं, तर काय करावं?

संत्रानगरी
ताई एक पैसाही देऊ नका. कोणालेच.

मैदानवाला
आत्या, जायला हरकत नाही, पण असं नाही. २०१८-१९ मध्ये रणजीत एकदम नऊ नव्या टीम्स आल्या, त्यातल्या बऱ्याच ईशान्येच्या, तेव्हापासून हे मधले लोक फार झालेत. तो 'कागदपत्रांचं मी बघतो' म्हणतो म्हणजे बहुतेक खोटा रहिवासी दाखला नाहीतर शाळेचा खोटा दाखला, आणि बोर्ड ते तपासतं. सापडलं की तो माणूस गायब होतो, बंदी पोराच्या नावावर येते, तीसुद्धा ऐन खेळायच्या वयात. वर धाग्यात ज्यांची नावं आली, जाफर, नायर, शॉ, हे सगळे एनओसी घेऊन उघड गेले आणि त्यांना बोलावणाऱ्यांनी मानधन दिलं (जाफरने एक सीझन घेतलं नाही तो त्याचा प्रश्न). पैसे खेळाडूकडे यायला हवेत, खेळाडूकडून जायला नकोत. भावाला एवढंच सांगा की खरं बोलावणं असेल तर असोसिएशनच्या लेटरहेडवर पत्र आणा. तो माणूस परत फोन करणार नाही बघा.

सतरा म्हणजे ऑफस्पिनरला काहीच वय नाही. क्लबच्या बी किंवा सी डिव्हिजनला बॉलिंग मिळत असेल तर तिथे टाकू दे भरपूर. सहा बॉलमध्ये स्पिनर कोणालाच कळत नाही.

मांडवीकाठचा
आणि खरंच शिफ्ट व्हायचं असेल, म्हणजे घरासकट, कॉलेजसकट, तर गोष्ट वेगळी. पण कर्ज काढून नको हां ताई.

खडूस_दादरकर
ताई, भाच्याला रविवारी सकाळी आझाद मैदानावर पाठवा, मला इथे निरोप टाका, कोणत्या क्लबच्या तंबूपाशी यायचं ते सांगतो. फी वगैरे काही नाही, आमचा एक जुना ऑफस्पिनर आहे, त्याला रिकामपणी पोरं लागतातच. सहा बॉल नाही, साठ टाकू दे. त्यानंतर त्याला गोव्याला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, फक्त मुंबईविरुद्ध पाच विकेट काढायच्या नाहीत, हे आत्ताच ठरवून घेऊ.

मांडवीकाठचा
काढणार तर. पर्वरीला संध्याकाळी वळतो बॉल.